ब्रोकरला पैसे दिले म्हणजे विमा सुरू झाला, असं छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला विम्यावरचा लेख वाचला. ‘ब्रोकरकडे हप्ता भरला की निर्धास्त झोपा’ हे त्यातलं वाक्य वाचल्यापासून डोकं तापलंय. मी असाच निर्धास्त झोपलो होतो.

उदगीरला माझी छोटी दालमिल आहे. गेल्या पावसाळ्यात गोदामात तुरीचे 240 कट्टे होते. शनिवारी दुपारी ब्रोकरच्या ऑफिसात बसून फॉर्मवर सह्या केल्या आणि तिथूनच फोनवरून 18,640 रुपये त्यांच्या खात्यावर टाकले. ‘काका, झालं तुमचं काम,’ असं ते म्हणाले. रविवारी रात्री पावसानं झोडपलं आणि मागच्या नाल्याचं पाणी गोदामात शिरलं. सकाळी शटर उघडलं तर थप्पीचे खालचे तीन थर पाण्यात. तूर फुगून कट्ट्यांच्या शिवणी उसवल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या शिवणींतून मोड बाहेर आले, आणि आंबूस वासानं हमाल आत पाय ठेवीनात.

पुढं पॉलिसी आली. तिच्यावर जोखमीची सुरुवात मंगळवारपासून. ब्रोकरनं पैसे कंपनीकडे पाठवले सोमवारी दुपारी! कंपनीचं एकच उत्तर: हप्ता आमच्याकडे आला तेव्हा नुकसान होऊन गेलं होतं.

वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं ते तुमच्या लेखात यायला हवं होतं. 1938 च्या विमा कायद्यातलं कलम 64 व्हीबी सांगतं की हप्ता आधी मिळाल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायचीच नाही. एजंट कंपनीचा माणूस. त्यानं घेतलेला हप्ता बँक-पोस्टाच्या सुट्ट्या सोडून 24 तासांत, कमिशन न कापता पूर्ण भरावा, हेही त्याच कलमात आहे. ब्रोकर मात्र आपल्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बाजूचा धरला जातो. म्हणून त्याच्या खात्यावरचे पैसे आपोआप कंपनीचे होत नाहीत. बरं, एजंटाचाही भरवसा नाही. एका एजंटानं विमेदाराकडून हप्ता घेतला, तो भरण्याआधीच विमेदार अपघातात गेला. एजंटाला हप्ता घेण्याचा अधिकारच नव्हता म्हणून आयुर्विमा महामंडळ जबाबदार नाही, असं 1997 साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. आणि पैसे पोचले तरी प्रस्ताव स्वीकारल्याचं कंपनीनं कळवावं लागतं.

कायदा असा असेल तर पैसे घेणाऱ्यानं त्याच टेबलावर लिहून द्यावं: ‘हे पैसे अजून कंपनीकडे गेलेले नाहीत, तुमचा विमा सुरू नाही.’ एवढी एक ओळ मिळाली असती तर मी रविवारी माणसं लावून कट्टे वरच्या फळ्यांवर चढवले असते.

आणखी एक. माझ्या भावाचं सोयाबीन वाहून गेलं तेव्हा पीकविम्यात 72 तासांत कळवा म्हणून धावपळ झाली. रेंज नाही, ॲप उघडत नाही, तरी तास मोजले जात होते. शेतकऱ्याचे तास मोजता येतात, मग आपले पैसे कुणाच्या खात्यात किती तास पडून राहिले, ते का मोजत नाहीत?

कालच्या लेखातलं ते वाक्य दुरुस्त करा, आणि दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात छापा. आमच्या बाजारपेठेत तुमचा पेपर दुकानादुकानांत वाचला जातो आणि लोक तुमच्या शब्दावर पैसे देतात.

आपला,
एक दालमिलवाला, उदगीर (जि. लातूर)