लाल चंबूची हकिगत

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मी पाठवलेल्या फोटोतलं ते लाल पाणी कसलं, असं बाबांनी विचारलं होतं. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते नाही, म्हणून सवडीनं लिहिते.

ते लाल म्हणजे सेलेनियम नावाचं मूलद्रव्य. वरून रंग घातलेला नाही. चंबूत सुरुवातीला फक्त जिवाणूंचं खाद्य आणि त्यात विरघळलेलं सोडियम सेलेनाइट, म्हणजे सेलेनियमचा एक क्षार, असतं. सेलेनाइटला स्वतःचा रंग नसतो. जिवाणू सोडून चंबू हलता ठेवला की काही तासांनी फिकट नारिंगी झाक येते, आणि ती चढत चढत विटेसारखी लाल होते. शेजारी जिवाणू न घातलेला चंबूही ठेवतोच. तो होता तसाच राहतो. बूच काढलं की कधीकधी लसणासारखा उग्र वास येतो. थोडं सेलेनियम डायमिथाइल सेलेनाइड नावाचा वायू होऊन निसटतं, त्याचा तो वास.

बाबा, तुम्ही म्हणालात की जिवाणू म्हणजे छोटे कारखानेच. वर्तमानपत्रंही असंच लिहितात, पण मला ते खटकतं. जिवाणूला नॅनोकण, म्हणजे हे सेलेनियमचे अतिसूक्ष्म कण, बनवायचेच नसतात! सेलेनाइट त्याच्यासाठी विष असतं. त्यातल्या सेलेनियमला चार इलेक्ट्रॉन मिळाले की ऑक्सिजन सुटतो आणि मूलद्रव्य सेलेनियम उरतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पेशीच्या कारभारात फारशी ढवळाढवळ करू शकत नाही. हे इलेक्ट्रॉन बऱ्याच जिवाणूंमध्ये ग्लुटाथायोनसारख्या गंधकयुक्त रेणूंकडून येतात, काहींत खास एन्झाइमांकडून. काही जिवाणू तर याच्यावर श्वास घेतात. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमध्ये सापडलेला बॅसिलस सेलेनायटिरेड्युसेन्स ऑक्सिजन नसताना आपले इलेक्ट्रॉन सेलेनाइटवर उतरवतो आणि त्यावर जगतो. आपण ज्याला नॅनोकण म्हणून मिरवतो, तो त्याच्या लेखी उरलासुरला गाळ.

पण गाळ म्हणावा तर तो इतका नीटस कसा? मला या विषयातलं हेच सगळ्यात आवडतं. सुटे सेलेनियमचे अणू एकत्र येऊन गोळी धरतात. ही गोळी काही जिवाणूंत पेशीच्या आत, काहींत दोन आवरणांच्या मधल्या जागेत, तर काहींत बाहेरच तयार होते. तिला मोकळं सोडलं तर गोळ्या एकमेकींना चिकटून मोठ्या होतील आणि तळाशी बसतील. तसं सहसा होत नाही, कारण पेशीतली प्रथिनं तिच्यावर लपेटून बसतात. थाउएरा सेलेनाटिस नावाच्या जिवाणूत असं एक प्रथिन 2011 मध्ये ओळखलं गेलं, सेफ-ए. या जिवाणूच्या गोळ्या साधारण 150 नॅनोमीटरच्या असतात. म्हणजे एका केसाच्या जाडीत पाचेकशे ओळीनं मावतील. रसायनं वापरून असे कण करायचे तर त्यांना सांभाळणारा पदार्थ वेगळा घालावा लागतो. इथे आवरण आयतंच मिळतं. मात्र आत तयार झालेली गोळी पेशीबाहेर कशी पडते, पेशी ती ढकलते की पेशी फुटल्यावर ती सुटते, यावर अजून वाद आहेत.

आमचं खरं कष्टाचं काम त्यानंतर सुरू होतं: पेशी फोडायच्या, सेंट्रिफ्यूज करायचं (म्हणजे यंत्रात गरगर फिरवून कण तळाशी बसवायचे), धुवायचं, पुन्हा सेंट्रिफ्यूज. फार तापवून चालत नाही, नाहीतर लाल सेलेनियमचं काळपट राखाडी होतं. उपयोगांपैकी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो सांडपाण्याचा. विरघळलेलं सेलेनियम गाळता येत नाही, घन झालेलं काढता येतं. कॅलिफोर्नियातच केस्टरसनच्या जलाशयात शेतीच्या निचऱ्यातून सेलेनियम साचलं आणि 1983 मध्ये पाणपक्ष्यांची पिल्लं व्यंग घेऊन जन्मलेली दिसली, तेव्हापासून या कामाला वेग आला.

आणि आई, तू विचारलेल्या, पोटात घ्यायच्या "नॅनो सेलेनियम"च्या गोळ्यांबद्दल. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे कण सेलेनाइटपेक्षा कमी विषारी दिसले आहेत, हे खरं. पण जिवाणूंनी केलं म्हणून ते निर्धोक ठरत नाही. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला 55 मायक्रोग्रॅम पुरतं आणि 400 ही वरची मर्यादा. त्याहून जास्त बरेच दिवस पोटात गेलं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला तोच लसणाचा वास येतो. तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितल्याशिवाय दोघांनीही घेऊ नका. बाबा, हे तुम्हालाही!

तुमची,
धाकटी