विटांचा रस्ता आणि आमचा बोळ

मा. संपादक,
मागच्या महिन्यात बाळीवेशीजवळ आमच्या बोळात पाइपलाइनसाठी पेव्हर ब्लॉक उखडले, परत बसवताना खाली नुसती काळी माती अन् वर ब्लॉक, आता पाऊस पडला की ब्लॉक डुगडुगतो आणि फचकन चिखलाचं पाणी पँटवर. गंमत बघा, १८७७ मध्ये (आपल्या सोलापूरची जुनी कापड मिल पण त्याच सुमाराची) अमेरिकेत इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टन गावात नेपोलियन हेफर नावाच्या वीटवाल्यानं विटांचा रस्ता करून दाखवला. खाली कोळशाची राख, त्यावर आडव्या विटांचा थर, मग वाळू, अन् वर परत विटा, पण कडेवर उभ्या लावलेल्या. पुढं तिकडं रस्त्यासाठी वेगळ्या विटा आल्या, इतक्या कडक भाजलेल्या की माती आतून वितळून दगडासारखी व्हायची, पाणी पीत नव्हती. आपल्या घरबांधणीच्या विटेचं ते काम नाही.

मुद्दा खालच्या थराचा आहे हो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं, ठेकेदाराला कसं नाही काय की. निदान मुरूम-खडी टाकून, रोलर फिरवून मग ब्लॉक बसवा.

– एक वाचक, सोलापूर