काचेवर रंग फासत नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत एर्विन बोशानींवर लेख छापलात, आभार. पण 'काचेवर रंग भरणारे इंग्लिश चित्रकार' हे वाचून राहवलं नाही. बोशानी १८९१ साली तेव्हाच्या हंगेरीत जन्मले, पुढे जर्मनीत राबले आणि नाझी सत्तेवर आल्यावर १९३४ मध्ये इंग्लंडला आले. तिथल्या कँटरबरी कॅथेड्रलमधल्या त्यांच्या रंगीत काचेच्या खिडकीत देवदूत कैद्याची सुटका करतो. हे सगळं गाळून त्या खिडकीबद्दल काय सांगणार?

आता रंगाचं. तो वरून लावत नाहीत, काच वितळवतानाच मिसळतात, निळ्यासाठी कोबाल्ट. काच आरपार लाल केली तर काळपट दिसते, म्हणून बिनरंगी काचेवर लाल काचेचा पातळ थर देतात. तो आम्लाने खाल्ला की त्याच तुकड्यात पांढरं मिळतं. कुंचला लागतो तो चेहरा, हात, वस्त्राच्या चुण्या यांच्यासाठी: लोहाचा ऑक्साइड आणि काचेची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून रेघ काढायची आणि सुमारे ६५० अंश सेल्सिअसला भाजायची. भट्टी कमी तापली तर काचेवर ओल धरत गेली की ती रेघ सुटते.

काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचा तर लेखात उल्लेखच नाही! दोन तुकड्यांमध्ये पट्टीच्या मधल्या गाभ्यासाठी दीड मिलिमीटर जागा सोडून काच कापावी लागते. विसरलात, तर वीस सांध्यांत खिडकी तीन सेंटिमीटर वाढते आणि चौकटीत बसत नाही.

असं अर्धवट छापून येतं आणि मग दुरुस्तीही तशीच होते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका जुन्या चर्चमध्ये (नाव लिहीत नाही) पावसाळ्याआधी गळती थांबवायला शिशाच्या कडांना सिलिकॉन भरलं. आता एक तुकडा बदलायचा तरी शेजारचे फुटणार. तिथे चुन्याच्या खडूची पूड आणि जवसाचं तेल यांची लांबी (पुट्टी) ब्रशने दोन्ही बाजूंनी पट्टीखाली दाबायला हवी होती. बाहेरून ॲक्रिलिकचा पत्राही ठोकला आहे, वाऱ्याला फट न ठेवता. आत पाणी साचून रेघा जाणार त्या यामुळेच. विश्वस्तांनी निदान वर-खाली फट तरी करून घ्यावी, अगदी याच आठवड्यात.

आणि रंगीत काचेचा फोटो काळा-पांढरा? शेवटच्या पानावर रंग होता, तिथे जाहिरात होती. येत्या रविवारी तो फोटो रंगीत छापावा, ही विनंती.

एक वाचक, सातारा