माहेरी आलेलं बाळ कुणाच्या वहीत?

संपादक महोदय,

मी धानोरा तालुक्यातल्या एका गावात आशा, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती आहे. आमच्याकडे पोरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात, कधी बाळंत होऊन थेट दवाखान्यातूनच येतात. पण नाव असतं सासरच्या आशाच्या वहीत. बाळ एका गावात, नोंद दुसऱ्या गावात.

पोळ्यानंतरची गोष्ट. हापशीवर कळलं की अमक्याची पोर सहा दिवसांचं बाळ घेऊन आली आहे. मला कुणाचा फोन नव्हता. गेले तर आजी कौतुकानं म्हणाली, "मोठं गुणाचं लेकरू आहे ना आशाताई, रातभर रडलं नाही." मला धस्स झालं. झोळीत वजन केलं, एक किलो नऊशे. तळपाय गार. छाती आत ओढली जात होती. घड्याळ लावून श्वास मोजले, अडुसष्ट. पुन्हा मोजले, तेवढेच. मिनिटाला साठ किंवा जास्त म्हणजे थांबायचं नाही. बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घातलं आणि रुग्णवाहिकेसाठी 102ला फोन लावला. अकरा दिवसांनी बाळ घरी आलं.

तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी आम्हाला द्यायच्या असतात. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. 2011पासून हे देशभर चालू आहे, पण याची सुरुवात आमच्याच जिल्ह्यातली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत आरोग्यदूत बायांना शिकवलं आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. त्या बाया घरात जात होत्या म्हणून झाले. सासरची आशा कोरी राहिलेली वही घेऊन बसते आणि मला बाळाचा पत्ताच नसतो, तर जायचं कुणी?

त्या बाळाच्या पुढच्या भेटी मी दिल्या. माझ्या वहीत नाव नाही म्हणून या भेटींचे अडीचशे रुपयेही नाहीत. त्याचं मला काही नाही, असं म्हणणार होते. पण खोटं कशाला, थोडं आहेच.

मागणी साधी आहे. सुट्टी देताना दवाखान्यानं "बाळ कुठल्या गावाला नेणार?" एवढं विचारावं आणि त्या गावच्या आशाला त्याच दिवशी फोन करावा. भेटी ज्या गावात होतील, त्या गावच्या आशाच्या नावावर धराव्यात.

– एक आशा, ता. धानोरा, जि. गडचिरोली