फोंड्याहून पत्र

ती. आई-बाबा, साष्टांग नमस्कार.

मी ठणठणीत आहे. आत्याला सांगा, गोवा 19 डिसेंबर 1961 पासून भारतात आहे, 'पोरगी परदेशी गेली' म्हणत गावभर हिंडू नकोस. आणि समुद्र माझ्या खोलीपासून तासाभरावर आहे. तिकडे जायला सवड कुणाला? जवळ आहे ती मंगेशी.

एक मात्र अजून पचत नाही. दुपारी एक वाजला की इथला बाजार झोपतो. किराणावाला, शिंपी, हार्डवेअरवाला, सगळे शटर ओढून घरी. जेवण, वर झोप, मग साडेतीन-चारला दुकान. मी चार्जर मागत दारात उभी, तर दुकानदार अर्धं शटर खाली घेत शांतपणे म्हणाला, "चारला या." भांडायलाही रस्त्यावर कोणी नव्हतं.

बाबा, रविवारी रात्री ऑफिसात का होते, ते ऐका. हॉटेलांचे काउंटर आमच्या सर्व्हरला विचारतात, खोली आहे का? हे झीरोएमक्यूवर चालतं, म्हणजे प्रोग्रामना एकमेकांना निरोप धाडायला असलेल्या सॉफ्टवेअरवर. त्यातल्या निरोपाच्या टोकाला सॉकेट म्हणतात. रेक, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या सॉकेटला, उत्तर आल्याशिवाय दुसरा प्रश्न पाठवता येत नाही, आणि रेप, म्हणजे उत्तर देणारा सॉकेट, एका वेळी एकालाच उत्तर देतो. एका हॉटेलाने महिन्याचा हिशेब मागितला आणि बाकी सगळे ताटकळले. आता पुढे राउटर, मागे डीलर (हेही सॉकेटच) आणि त्याच्या हाताखाली उत्तरं शोधणारे चार वर्कर प्रोग्राम बसवलेत. तुमच्या बँकेतल्या पितळी टोकनसारखं आहे: राउटर प्रत्येक प्रश्नाला खूण लावतो, उत्तर त्या खुणेवरून त्याच काउंटरला परत जातं. पण डीलर कोण मोकळा आहे ते बघत नाही, आळीपाळीने वाटतो. म्हणजे अडकलेल्याच्याच पुढ्यात नवं काम पडू शकतं. मोकळ्यालाच द्यायचं तर मागेही राउटर हवा. सध्या तेच चाललंय.

म्हणून गणपतीला येणं जमत नाही. चवथीला इथले सगळे आपापल्या गावी जातात, थांबायचं आम्ही बाहेरच्यांनी. घरमालकीणबाईंनी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाभाज्यांची आरास, बघायला बोलावलंय, आरती तिथे होईल. आई, माझ्यासाठी म्हणून मोदक कमी करू नकोस.

साताऱ्याच्या स्थळाला दिवाळीत भेटेन. नोकरी सोडणार नाही, हे मात्र त्यांना आधीच सांगा. चिडून नाही लिहीत.

तुमची,
ताई

ता. क. छपराच्या हप्त्याचे आठ हजार पाठवलेत. वरचे दीड हजार बाबांच्या चष्म्याचे आहेत, ते पुन्हा छपरात घालू नका.