सौर विजेचा भाव व्याजात दडलेला

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवीकरणीय ऊर्जेमुळे विकसनशील देशाच्या आर्थिक वाढीला कितपत हातभार लागतो, या विषयावरचा लेख आपल्या अंकात वाचला. लेखकाने मेगावॉट आणि वाढीचा दर यांची सांगड घातली आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये उभा असलेला व्याजाचा दर त्यात कुठेच आलेला नाही. नोकरीची सारी वर्षे जमाखर्चाच्या वह्या तपासण्यात गेल्यामुळे असेल, माझी नजर आधी तिकडेच जाते.

कोळशाच्या वीजकेंद्राला इंधनाचा खर्च वर्षानुवर्षे करावा लागतो. सौर प्रकल्पाचे तसे नसते. पुढच्या 25 वर्षांच्या विजेचा जवळजवळ सगळा खर्च उभारणीच्या वेळीच, तोही बहुतांशी कर्ज काढून, करावा लागतो. ऊन फुकट असले तरी ते ज्या पैशाने पकडायचे तो पैसा फुकट नसतो. म्हणूनच जर्मनीसारख्या कमी उन्हाच्या देशाला स्वस्त भांडवलाच्या जोरावर ही वीज परवडते आणि आफ्रिकेतील रखरखीत उन्हाच्या कित्येक देशांना ती महाग पडते. शिवाय कर्ज डॉलरमध्ये घेतले आणि चलन घसरले, तर आयात कोळशावर वाचवलेले परकीय चलन हप्त्यांच्या वाटेने पुन्हा बाहेर जाते.

आपल्या मध्य प्रदेशातले रीवाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथील 750 मेगावॉटच्या प्रकल्पाच्या 2017 मधील लिलावात पहिल्या वर्षासाठी प्रति युनिट 2.97 रुपये भाव निघाला. त्याआधी देशातले भाव चार रुपयांच्या वर होते. पॅनेल स्वस्त झाली होती, हे खरेच. पण वीज घेणाऱ्याने पैसे थकवले तरी ते मिळतील, अशी राज्य सरकारची हमी तेथे होती आणि दिल्ली मेट्रोसारखा ग्राहकही होता. वीज वितरण कंपन्यांच्या थकबाकीची धास्ती असेल, तर सावकार ती व्याजात वसूल करतो. पैसे वेळेवर मिळतील हा विश्वास वाढला की त्याच उन्हातली वीज स्वस्त होते.

इंदूरने आणखी एक वाट काढली. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरील जलूदहून पंपांनी घाट चढवून आणावे लागते, आणि त्या विजेचे बिल महापालिकेला दरमहा कोट्यवधी रुपयांना पडते. ते कमी करण्यासाठी जलूद येथे 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचे ठरवून महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 8.25 टक्के व्याजाचे 244 कोटी रुपयांचे हरित रोखे (म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी काढलेले कर्जरोखे) थेट जनतेला विकले. (थोडे मीही घेतले आहेत, तेव्हा या बाबतीत मी अगदीच त्रयस्थ नाही.) कर्ज रुपयांत असल्यामुळे डॉलर वधारला म्हणून हप्ता वाढत नाही, आणि व्याज देशातल्याच गुंतवणूकदारांच्या हाती पडते.

मात्र स्वस्त पैशाची ही सोय ज्याला सर्वांत जास्त हवी, त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. आमच्या गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेल बसवताना मला 78,000 रुपयांचे सरकारी अनुदान मिळाले, कारण घर माझे आणि मीटर घरगुती. गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या गाळ्यात पिठाची गिरणी चालवणाऱ्या माझ्या शेजाऱ्याला ते मिळत नाही. त्याची मोटर दिवसभर फिरते, विजेचा दर औद्योगिक, आणि दळणाचा भाव चार आणे वाढवला तरी गिऱ्हाईक पुढच्या गिरणीत जाते. त्याने कर्ज मागितले, तेव्हा बँकेने छताच्या मालकीचे कागद मागितले, छत घरमालकाचे. आर्थिक वाढ ज्याला म्हणतात ती अशाच हजारो मोटरींच्या बिलात अडकलेली असते, माझ्या पंख्याच्या आणि फ्रिजच्या बिलात नव्हे. शिवाय दळणाच्या डब्यांची रांग लागते ती सायंकाळी, ऊन उतरल्यावर. त्यासाठी बॅटरी हवी, म्हणजे पुन्हा भांडवल आणि पुन्हा व्याज.

आपल्या वार्ताहरांनी यापुढे सौर प्रकल्पाची बातमी देताना मेगावॉटच्या आकड्याशेजारी कर्ज कोणाकडून व किती टक्क्यांनी मिळाले, तेही आवर्जून छापावे, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, लोकमान्यनगर, इंदूर