ग्लेन एटिव्हमधील त्या अनोळखी मदतनीसांचे आभार

ग्लासगोहून ऐनवेळी ठरवून मैत्रिणीसोबत ए-82 मार्गाने निघाले असता, रॅनॉक मूरचे दलदलीचे माळरान ओलांडून स्कॉटलंडमधील ग्लेन एटिव्ह या दरीतील अरुंद रस्त्यावर आमच्या गाडीचा टायर फुटला. मोबाइलला रेंज नव्हती. मागून आलेल्या ज्या मेंढपाळ गृहस्थांनी समोरासमोरच्या वाहनांसाठी राखलेल्या रुंद जागेपर्यंत गाडी ढकलू लागून, चिखलात गुडघे टेकून, गंजलेले नट स्वतःच्या लांब पान्याने सैल केले आणि स्टेपनी बसवून दिली, त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. पैशांचे नावही त्यांनी काढू दिले नाही. तेथील उन्हाळी चिलटे (हा उपद्रव प्रत्यक्ष सोसल्याशिवाय कळत नाही) आम्हाला फोडून काढत असताना स्वतःच्या डोक्यावरील जाळी उतरवून देणाऱ्या वयस्कर पदयात्री बाईंचेही आम्ही ऋणी आहोत. त्या दोघांमुळेच आम्ही लॉख एटिव्ह या खाडीसारख्या सरोवराच्या काठापर्यंत पोहोचलो.